ओवीचे घर : साष्टीतील ग्रामचर्च आणि ख्रिस्तपुराण

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाला मानाचे स्थान आहे. एका इंग्रज धर्मोपदेशकाने ओवी छंदात दहा हजारांहून अधिक ओव्यांचा ग्रंथ रचला, तो इ. स. १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापला गेला, आणि त्यात मराठी भाषेची मनःपूर्वक थोरवी गायिली आहे, एवढे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. एक साधा प्रश्न मात्र अभ्यासात क्वचितच उपस्थित होतो. हे पुराण कोठे ऐकले गेले? ज्ञानेश्वरीचा विचार करताना नेवाशाचे देवालय आठवते. एकनाथांचा विचार करताना पैठणचा वाडा आणि गोदावरीचा घाट डोळ्यांसमोर येतो. ख्रिस्तपुराण मात्र ग्रंथालयाच्या कपाटातच जन्मले असावे, अशा रीतीने त्याची चर्चा होते. वास्तविक ह्या ग्रंथाला एक घर होते. जांभ्या दगडाच्या भिंती, कौलारू छप्पर, टोकाला सोनेरी वेदी आणि बाजूच्या भिंतीवर उंच व्यासपीठ असलेले साष्टीतील ग्रामचर्च हे ते घर होय. त्या घराची रचना आणि त्यातील साहित्य समजून घेतल्यावाचून त्या ओवीचा स्वर पुरता ऐकू येत नाही.

येथे साष्टी म्हणजे दक्षिण गोव्यातील मडगावच्या आसपासचा प्रदेश. मुंबईजवळच्या साष्टी बेटाशी त्याची गल्लत होता कामा नये. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवे शहर जिंकले. साष्टी आणि बार्देश हे भाग १५४३ मध्ये त्यांच्या ताब्यात कायमचे आले. पुढे धर्मप्रसारासाठी बार्देश फ्रान्सिस्कनांकडे व १५६० मध्ये साष्टी येशूसंघीयांकडे सोपविण्यात आली. त्यानंतर जे घडले ते मराठी वाचकाला सर्वस्वी अपरिचित नाही. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा, लोटलीचा रामनाथ आणि मडगावचा दामोदर ही दैवते आपापली गावे सोडून पोर्तुगीज हद्दीबाहेर गेली. १५६७ च्या सुमारास रायतूरच्या किल्लेदाराच्या हुकुमाने साष्टीतील देवळे पाडण्यात आली. त्यांची संख्या २८० सांगितली जाते. मडगावचे पवित्र आत्म्याचे चर्च १५६५ मध्ये प्रथम उभे राहिले ते दामोदराच्या देवळाच्या जागी. पुढे ते हल्ल्यांत जळाले, पुन्हा बांधले गेले, आणि आज दिसणारी त्याची वास्तू १६७५ ची आहे.

देऊळ गेले म्हणजे केवळ पूजास्थान गेले असे नाही. कोकणातील गावात देवळाचा सभामंडप ही गावाची बैठक होती. तेथे गावकीचे निर्णय होत, उत्सव होत, आणि संध्याकाळी पुराण ऐकले जाई. सोळाव्या शतकातील साष्टी, तिसवाडी व बार्देश ह्या भागांत रामायण-महाभारताच्या कथा मराठीत आणि कोंकणीत सांगितल्या जात होत्या, ह्याचा पुरावा आज पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात सुरक्षित आहे; त्या कथा येशूसंघीयांनी रोमी लिपीत उतरवून घेतल्या होत्या. ज्यांनी ह्या कथा मोडून काढावयाच्या ठरविल्या, त्यांनीच त्या भाषाभ्यासासाठी जपून ठेवल्या, हा इतिहासाचा विलक्षण व्यवहार आहे. १५६७ मध्ये भरलेल्या गोव्याच्या पहिल्या धर्मपरिषदेने हिंदू धर्मग्रंथ आणि धर्मकृत्ये यांविरुद्ध कठोर निर्णय घेतले. त्यामुळे सभामंडप पडला, पोथी लपविली गेली, आणि नवख्रिस्ती झालेल्या गावकऱ्याच्या कानांची सवय तेवढी शिल्लक राहिली.

नवे चर्च उभे राहिले ते ह्याच गावकऱ्याच्या खर्चाने. गोव्यातील गावाची जमीन गांवकर कुळांच्या सामाईक मालकीची असे. ह्या संस्थेला पुढे कोमुनिदाद हे पोर्तुगीज नाव मिळाले. देवळांच्या नावे असलेल्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळविण्यात आले, आणि दुरुस्ती, रंगसफेदी, मेणबत्त्या व उत्सव यांचा भार गावच्या उत्पन्नावर पडला. इमारतीच्या निधीला फाब्रिका आणि सणाउत्सवांची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळाला कोंफ्रारिया म्हणत. ह्या मंडळांत गांवकरांचा मान पूर्वीप्रमाणेच राहिला आणि जातींचे भेदही टिकले. ज्या कुळाला देवळाच्या पालखीपुढे मान होता, तेच कुळ आता मिरवणुकीत क्रूसाच्या मागे पहिले चालू लागले. चर्चची प्रतिमा लिस्बन आणि रोमहून आली असली, तरी तिचा हिशेब गावच्या वहीत होता.

बांधकामाचे सामानही गावचेच. साष्टीच्या भुईत जांभा दगड भरपूर. तो खाणीतून काढताना मऊ असतो, उघड्यावर वाऱ्याने कठीण होतो. पण तो सच्छिद्र असल्यामुळे कोकणच्या पावसात तसाच सोडता येत नाही. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा आणि दर पावसाळ्यानंतर सफेदी आवश्यक असे. शिंपले भाजून केलेला चुना किनाऱ्यावर सहज मिळे. गोव्यातील चर्चचे पांढरेशुभ्र रूप पाहून प्रवासी मोहित होतात. त्याच्या मुळाशी पावसाविरुद्ध केलेली ही काटेकोर तजवीज आहे. खिडक्यांना काचेऐवजी चपट्या शिंपल्यांचे पातळ तुकडे लाकडी चौकटीत बसवीत. त्यातून ऊन आत येताना दुधाळ होते. बाहेरचे दिसत नाही, पण उजेड मिळतो. छप्पर लाकडी वाशांचे आणि कौलांचे. वेदीवरच्या भागाला तेवढी दगडी कमान. गवंडी, सुतार, सोनार आणि चितारी बहुधा स्थानिक कारागीर असत. हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती घडवू नयेत असे हुकूम वारंवार काढावे लागले, ह्यावरूनच ते त्या घडवीत होते हे उघड होते.

ह्या वास्तूचा आराखडा साधा, पण गावाच्या दृष्टीने क्रांतिकारक होता. देवळात देव गर्भगृहाच्या अंधारात असतो. भक्त एकेकटा पुढे जातो, दर्शन घेतो, प्रदक्षिणा घालतो आणि परततो. तेथे येण्याजाण्याची वेळ ज्याची त्याची असते, आणि गर्भगृहात कोणी जावे ह्याचे नियम कडक असतात. ग्रामचर्च म्हणजे खांबांचा अडथळा नसलेले एकच लांबट दालन. एका टोकाला प्रवेशद्वार व त्यावर गायकांचा सज्जा. दुसऱ्या टोकाला, थोड्या उंचीवर, वेदी. सर्व गाव एकाच वेळी, एकाच दिशेला तोंड करून, एकच गोष्ट पाहतो आणि ऐकतो. ट्रेंट येथील धर्मपरिषद १५६३ मध्ये संपली. तिने प्रवचन आणि धर्मशिक्षण यांवर जो भर दिला, त्यातून युरोपातही अशा एकदालनी वास्तूंना चालना मिळाली. रोममधील येशूसंघाचे मुख्य चर्च १५६८ मध्ये बांधावयास घेतले गेले ते ह्याच कल्पनेने. साष्टीच्या खेड्यात ही कल्पना छोट्या मापात उतरली. देवळात पाहणे प्रधान होते. ह्या दालनात पाहणे आणि ऐकणे यांना सारखेच महत्त्व आले.

आतील साहित्याची मांडणी हेच सांगते. दाराशी पवित्र पाण्याची दगडी कुंडी. जवळच बाप्तिस्म्याचे कुंड, कारण ज्याला ह्या घरात यावयाचे त्याने पाण्यातून यावे असा संकेत. पुढे मोकळी जमीन. बाकांच्या रांगा ही नंतरच्या काळाची सोय. त्या काळी माणसे उभी राहत, गुडघे टेकीत किंवा जमिनीवर बसत. ह्याच जमिनीखाली गावचे मृतही विसावत, आणि त्यांच्या नावांच्या शिळांवरून जिवंत माणसे चालत. समोर वेदीमागे छतापर्यंत पोहोचणारी लाकडी कोरीव भिंत. तिच्यावर सोन्याचा मुलामा, लाल-निळे रंग, कोनाड्यांत संतांच्या मूर्ती. दिव्यांच्या उजेडात ती भिंत झळाळली म्हणजे निरक्षर माणसालाही स्वर्गाची कल्पना येई. तिथली पाने, फुले, वेली पोर्तुगीज नमुन्यांवरून घेतलेल्या. पण त्यांना वळण देणारा हात देवळाच्या लाकडी छतावर शिकलेला.

ह्या सर्वांत साहित्याच्या अभ्यासकाने विशेष निरखावी अशी वस्तू म्हणजे व्यासपीठ. ते वेदीपाशी नसते. दालनाच्या मध्यावर, बाजूच्या भिंतीला लागून, माणसाच्या डोक्याहून उंच असे ते टांगलेले असते. त्यावर लाकडी छत्र असते. त्यामुळे बोलणाऱ्याचा आवाज वर विरून न जाता खाली लोकांकडे येतो. गोव्यातील अनेक व्यासपीठांच्या तळाशी त्याचा भार पेलणाऱ्या आकृती कोरलेल्या आहेत. त्यांचे वरचे अंग मानवी आणि खालचे अंग पर्णवेलीचे किंवा सर्पाकृती असते. युरोपीय शिल्पात अशा मिश्र आकृती होत्याच. पण येथे पाहणाऱ्याला त्यात नागिणी दिसल्या, आणि घडविणाऱ्यालाही बहुधा त्याच दिसत होत्या. नव्या धर्माचा शब्द जुन्या देवळाच्या नागिणींनी खांद्यावर घेतला, असे हे चित्र आहे.

आता ह्या दालनातील भाषेकडे पाहावे. वेदीवरची मिस्सा लॅटिनमध्ये होई. ती गावाला कळत नसे, आणि कळावी अशी अपेक्षाही नसे. सज्जातील गायन युरोपीय स्वरपद्धतीचे. चर्चला जोडलेल्या शाळेत मुलांना ते शिकवीत. अधिकाराची भाषा पोर्तुगीज. ह्या तीन परक्या ध्वनींच्या मध्ये लोकांच्या भाषेला जागा होती ती व्यासपीठावर आणि धर्मशिक्षणाच्या वेळी. ह्याच फटीतून मराठी ओवी चर्चमध्ये शिरली.

फादर स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंतचे बहुतेक आयुष्य त्यांनी साष्टीत वेचले. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी ह्या देशातील भाषांची रचना ग्रीक-लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे नोंदविले. तुलनात्मक भाषाशास्त्राचा जन्म व्हायला तेव्हा दोन शतके अवकाश होता. कोंकणीचे व्याकरण आणि प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाचे पुस्तकही त्यांनी रचले. ती दोन्ही त्यांच्या पश्चात छापली गेली. पण पुराणासाठी त्यांनी मराठी निवडली, कारण गोव्यात काव्य आणि धर्मकथा यांची प्रतिष्ठित भाषा मराठीच होती. तिच्यात त्यांनी कोंकणीचे शब्द मिसळले ते श्रोत्यांना जवळ आणण्यासाठी.

पुराणाची प्रस्तावनाच ह्या दालनातील आहे. रविवारी धर्मशिक्षण आटोपल्यावर एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंना विनवितो: आमची पूर्वीची पुराणे आपण बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे काही ऐकावयास द्या, केवळ प्रार्थनेच्या पाठांतराने मन भरत नाही. हा प्रसंग कवीने योजलेला काव्यसंकेत आहे असे मानले, तरी त्यातील तक्रार खरी आहे. सभामंडप हरविलेल्या गावाचा तो आवाज आहे. आणि त्याला मिळालेले उत्तरही त्याच परंपरेतले आहे: वक्ता, श्रोता, मध्येच विचारलेले प्रश्न आणि त्यांतून पुढे सरकणारी कथा. पहिल्या आवृत्तीच्या पोर्तुगीज शीर्षकात ‘विवेचन’ ह्या अर्थाचा शब्द आहे, पण ग्रंथाची घडण अस्सल पुराणाची आहे.

दालन लक्षात ठेवून ग्रंथ वाचला की त्याच्या अनेक गुणदोषांचा उलगडा होतो. पहिल्या पुराणाचे छत्तीस व दुसऱ्याचे एकोणसाठ अवस्वर आहेत. सलग वाचताना हा विस्तार थकविणारा वाटतो. परंतु एका बैठकीला एक अवस्वर असा विचार केला तर त्याची लांबी बेतशीर वाटते. पूर्वी सांगितलेली कथा पुन्हा थोडक्यात सांगण्याची सवय पुस्तकात दोष ठरते. आठवड्याच्या अंतराने जमणाऱ्या श्रोत्यांसाठी ती गरज आहे. ओवीचे सैल चरण, ठाशीव यमक आणि एकाच नामाची अनेक विशेषणे ही व्यासपीठावरून मोठ्या दालनात पोहोचणाऱ्या आवाजाची साधने आहेत. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तपूर्व काळाची, दुसऱ्यात येशूच्या जन्मापासून स्वर्गारोहणापर्यंतची कथा आहे. वेदीमागच्या भिंतीवर ज्यांच्या मूर्ती गाव रोज पाहत होते, पण ज्यांचे चरित्र त्याला ठाऊक नव्हते, त्यांना ह्या ओव्यांनी कथा दिली. मूर्ती पोर्तुगीज वेशात उभी होती. ओवीत तिच्याभोवती वैकुंठ उभे राहिले. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द योजताना स्टीफन्स यांनी जे केले, तेच सुताराने व्यासपीठाखाली नागीण कोरताना केले होते.

तथापि ह्या सुसंवादाच्या चित्रात रमून चालणार नाही. हे दालन तटस्थ नव्हते. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळी येथे चर्चसाठी जागा पाहावयास गेलेल्या रुदोल्फो अक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीयांना गावकऱ्यांनी ठार केले. अक्वाविवा त्याच वर्षी अकबराच्या फत्तेपूर सीक्रीच्या दरबारातून परतले होते. तेथे त्यांनी निरनिराळ्या धर्मांच्या पंडितांशी खुला वाद घातला होता. सीक्रीत वादाला जागा होती, साष्टीत उरली नव्हती. कुंकळ्ळीच्या लोकांची देवळे त्यापूर्वी उद्ध्वस्त झाली होती. हत्येनंतर गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळणे येथे बोलावून मारण्यात आले. पाद्र्यांचे देह रायतूरच्या चर्चमध्ये पुरले गेले; गावप्रमुखांना तशी शिळा मिळाली नाही. हिंदूंनी ठराविक दिवशी प्रवचनाला हजर राहावे असे हुकूमही गोव्यात निघाले होते, आणि १५६० पासून धर्मन्यायासनाचे भय होते. म्हणून ख्रिस्तपुराणाच्या श्रोत्यांत रसिक होते तसे धाकाने बसलेलेही असणार. त्या ओवीचे सौंदर्य मान्य करताना ती कोणत्या छताखाली म्हटली गेली हे विसरणे हा श्रोत्यांवर अन्याय होईल. आणि छताचा इतिहास सांगून ओवी नाकारणे हा कवीवर, तसेच ज्या गावाने ती पुढे प्रेमाने जपली त्या गावावर अन्याय होईल. वाङ्मयेतिहासाने ही दोन्ही सत्ये एकाच वाक्यात बोलावयास शिकले पाहिजे.

ओवीने पुढे ते घर गमावले. १६१६ नंतर १६४९ आणि १६५४ मध्ये ख्रिस्तपुराण पुन्हा छापले गेले. १६२९ मध्ये एतिएन द ला क्रुआ ह्या फ्रेंच येशूसंघीयाचे संत पेत्रुविषयीचे ओवीबद्ध पुराणही आले. पण २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यांनी स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागण्याचा हुकूम काढला. तो पूर्णपणे अमलात येणे शक्यच नव्हते. मात्र व्यासपीठावरील देशी भाषेचे वैभव त्यानंतर ओसरले. चर्चमधून निघालेली ओवी घरांत गेली. गोव्यातून दक्षिणेकडे कर्नाटकाच्या किनाऱ्यावर स्थायिक झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते बरोबर नेली. छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ वाचला तो ह्या नकलांमुळे. १९०७ मध्ये जे. एल. सालडाना यांनी मंगळूर येथे त्याची रोमी लिपीतील आवृत्ती प्रसिद्ध केली. १९२५ मध्ये जस्टिन अ‍ॅबट यांना लंडनमधील मार्सडेन संग्रहात देवनागरी प्रती आढळल्या. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्याहून, आणि १९९६ मध्ये कारिदाद द्रागो यांची आवृत्ती मुंबईहून निघाली.

वस्तू आणि शब्द ह्या प्रदेशात एका पूजास्थानातून दुसऱ्यात गेल्याचे आणखी दाखले आहेत. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर तेथील चर्चच्या घंटा मराठी मुलखातील देवळांत गेल्या. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्याशेजारील घाटावर आणि नाशिकला नारोशंकराच्या मंदिरावर त्या आजही आहेत. मेणवलीच्या घंटेवर मेरीमाता व बाळ येशू यांची आकृती आहे. विजयचिन्ह म्हणून आलेली घंटा पुढे आरतीची झाली. गोव्यात कवळ्याचे शांतादुर्गेचे मंदिर १७३८ च्या सुमारास, शाहू छत्रपतींच्या काळात, नव्याने बांधले गेले. पोर्तुगिजांच्या भयाने स्थलांतर केलेल्या ह्या देवीच्या घराला घुमट, अर्धस्तंभ आणि कमानदार खिडक्या आल्या त्या चर्चच्या वास्तुशैलीतून. देवळातले पुराण चर्चमध्ये गेले. चर्चची खिडकी देवळात आली. बळजोरी करणाऱ्यांनी जे तोडले, ते गवंडी, सुतार आणि कथेकरी यांनी आपापल्या परीने सांधले.

साष्टीतील चर्च आज ज्या रूपात दिसतात ते बहुतांशी सतराव्या-अठराव्या शतकांतील पुनर्बांधणीचे रूप आहे. सुटलेले साहित्य जपण्याचे प्रयत्नही झाले. १९९४ मध्ये रायतूरच्या सेमिनरीत ख्रिस्ती कलेचे संग्रहालय उघडले आणि २००२ मध्ये ते जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात हलविले गेले. तेथे कोरीव लाकूड, चांदीची पात्रे, हस्तिदंती मूर्ती नीट पाहता येतात. पण संग्रहालयातील वस्तूला आवाज नसतो, आणि ग्रंथालयातील पुराणाला दालन नसते. एक कलेतिहासाकडे सोपविले गेले, दुसरे वाङ्मयेतिहासाकडे. दोन्ही शाखांची भेट अभावानेच झाली. व्यासपीठाच्या उंचीवरून अवस्वराची लय आणि ओवीच्या शब्दांवरून नागिणीचा अर्थ समजून घेणे हे पुढच्या अभ्यासकांचे काम आहे. ते झाले म्हणजे ख्रिस्तपुराण हा परक्याने केलेला मराठीचा गौरव एवढ्यापुरता उरणार नाही. आपला सभामंडप गमावलेल्या एका गावाने दुसऱ्याच छताखाली पुन्हा पुराण मागितले, आणि ते त्याच्या भाषेत त्याला मिळाले, ह्याची ती नोंद ठरेल.